बाळाच्या भिंगामागची पांढरी रेघ: पडदा सुटलाय की जन्मतःचा दोष, तपासणीत कसं कळतं?

सुप्रिया_मिरज
नमस्कार. धाकट्या बहिणीचा मुलगा साडेतीन महिन्यांचा आहे. पूर्ण दिवसांचा, जन्माचं वजन २.९ किलो, बाकी तब्येत ठणठणीत. उजव्या बाहुलीत पांढरट झाक दिसते म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. भिंग गढूळ आहे, आतलं काही दिसत नाही, सोनोग्राफी करून या, असं त्यांनी सांगितलं. गावातल्या एका सेंटरला केली. रिपोर्टात शेवटी लिहिलंय, "भिंगामागे पांढरी रेघ, पडदा सुटल्याची शक्यता." मग पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तीच फिल्म पाहून सांगितलं की हा पडदा नसावा, गर्भातली एक रक्तवाहिनी जन्मानंतरही राहून गेली असावी, त्याला पीएफव्ही म्हणतात. त्यांनी डोळ्याची सोनोग्राफी पुन्हा करायला सांगितली आहे आणि एमआरआयही.

घरात आता दोन तट पडलेत. बहिणीचे यजमान म्हणतात, सीटी स्कॅन करून मोकळे होऊ, पाच मिनिटांत होतो, भूल लागत नाही. तिच्या सासूबाई म्हणतात, बाळ जरा मोठं होऊ दे, मग बघू. मला एवढंच विचारायचं आहे की एकाच चित्रावरून दोन वेगळी निदानं कशी निघतात? आणि थांबलं तर चालेल का?

रेटिनावाला
सुप्रियाताई, न तपासता निदान सांगणार नाही. पण प्रश्न अगदी योग्य आहे आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: थांबू नका. साडेतीन महिन्यांच्या बाळाचा मेंदू रोज बघायला शिकत असतो. एक डोळा बंद पडल्यासारखा राहिला तर मेंदू त्याला सोडून देतो, आणि नंतर आतलं सगळं दुरुस्त केलं तरी नजर हवी तशी येत नाही.

आता चित्राबद्दल. बाळ पोटात असताना भिंगाचं पोषण करायला एक धमनी असते. डोळ्याच्या नसेपासून निघते आणि मधल्या जेलीतून सरळ भिंगाच्या पाठीपर्यंत जाते, हायलॉइड धमनी. सातव्या महिन्याच्या सुमारास तिच्यातला रक्तप्रवाह थांबतो आणि जन्मापर्यंत ती विरून जाते. काही बाळांत ती विरत नाही, तिच्याभोवती तंतुमय ऊती जमते, भिंगाच्या मागे पांढरा थर धरतो. रीस यांनी १९५५ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं तेव्हा नाव वेगळं होतं, पीएचपीव्ही. जुन्या रिपोर्टात ते अजून सापडतं. पीएफव्ही हे नाव गोल्डबर्ग यांनी १९९७ मध्ये सुचवलं. आजार एकच. साधारण नव्वद टक्के वेळा तो एकाच डोळ्यात असतो.

पडद्याचं वेगळं. पडदा म्हणजे रेटिना, डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा उजेड टिपणारा पातळ थर. पडदा दोन ठिकाणी घट्ट धरलेला असतो, मागे नसेच्या तोंडाशी आणि पुढे भिंतीलगतच्या कडेला. म्हणून पूर्ण सुटला तरी ही दोन टोकं जागची हलत नाहीत आणि तो धोतऱ्याच्या फुलासारखा दिसतो, देठ नसेपाशी, तोंड पुढे उघडं. सोनोग्राफीत त्याचा काप दिसतो, म्हणजे व्ही आकार. पीएफव्हीत मधोमध एकच दांडी, नसेपासून थेट भिंगाच्या पाठीला.

म्हणजे रेघ दिसली यावरून काही ठरत नाही. रेघेची पुढची टोकं कुठे जातात, ते बघावं लागतं.

खारवी
वाचतोय. आमच्याकडे चुलत भावाच्या मुलीला असंच काहीसं झालं होतं, तेव्हा हे कुणी समजावून सांगितलं असतं तर अर्ध्या रात्री तरी झोप लागली असती.

रात्रपाळी
रेडिओलॉजीत शिकतोय, म्हणून लिहितो. डॉपलर लावायचा, म्हणजे सोनोग्राफीतच रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय. दांडीत रक्त वाहताना दिसलं की पीएफव्ही, नाही दिसलं की पडदा. विषय संपला.

जुई_अंबाजोगाई
ताई, बाळ पूर्ण दिवसांचं आहे हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण मी तेच विचारणार होते. माझी जुळी एकतिसाव्या आठवड्यात झाली. दोघं नवजात अतिदक्षता विभागात होती. तिथल्या सिस्टरांनी डिस्चार्जच्या आधीच बजावलं की डोळे तपासल्याशिवाय गावी जायचं नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात, आरओपी म्हणतात, आणि लक्ष दिलं नाही तर त्या पडदा ओढून सोडवतात.

आपल्याकडचा सरकारी नियम असा: ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत पहिली तपासणी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. माझ्या मुलाला लेझर करावा लागला, मुलीला नाही. दोघंही आता शाळेत जातात. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर तारीख आजच मोजा.

निळासावळा
मी सोनोलॉजिस्ट आहे, लहान मुलांच्या डोळ्यांची सोनोग्राफी रोजच्या कामाचा भाग आहे.

@रात्रपाळी, डॉपलरबद्दल असं लिहू नका, कारण कुणीतरी ते वाचून निश्चिंत होईल. सुटलेला पडदा जिवंत असतो, त्यात नसेतून आलेल्या रक्तवाहिन्या असतातच. त्यामुळे त्याच्यातही डॉपलरवर प्रवाह दिसतो. प्रवाह आहे की नाही यापेक्षा तो कुठून कुठे जातोय हे महत्त्वाचं. पीएफव्हीत मधल्या दांडीतून नसेकडून भिंगाकडे जाणारा एक प्रवाह दिसतो. पडद्यात तो व्हीच्या दोन्ही बाजूंना विभागलेला असतो. उलटही होतं: पीएफव्हीची दांडी कधी नुसती तंतुमय उरलेली असते, आत रक्त जवळपास नसतंच. तेव्हा प्रवाह दिसला नाही म्हणून पडदा, हेही चुकीचं.

दुसरी अडचण रेटिनावाल्यांनी लिहिलेल्या व्हीची. पडदा सुटून बरेच दिवस झाले की तो आकसतो, व्हीच्या दोन्ही भुजा एकमेकींना चिकटतात, आणि मग चित्रात मधोमध एक जाड दांडी आणि भिंगामागे आडवा थर, असं दिसतं. हुबेहूब पीएफव्ही. भले भले इथे फसतात.

मी कसं करतो ते सांगतो. बाळाला दूध पाजून झाल्यावर बोलावतो. दुपट्यात घट्ट गुंडाळून आईच्या मांडीवरच ठेवतो. जेल कोमट करून पापणीवर भरपूर घालतो, म्हणजे प्रोब (यंत्राचा हातात धरायचा भाग) जवळजवळ तरंगतो, डोळ्यावर दाब येत नाही. बाळ पेंगलं की बंद पापणीआड डोळा आपोआप इकडून तिकडे फिरतो, आणि तोच क्षण मला हवा असतो. डोळा फिरून थांबला की आतलं काय हलतंय ते बघायचं. नुसती जेली किंवा रक्ताचे धागे असतील तर डोळा थांबल्यावरही ते बराच वेळ घोळत राहतात. ताजा सुटलेला पडदा हलतो, पण बांधल्यासारखा, थोडका. पीएफव्हीची दांडी दोन्ही टोकांना पकडलेली असते, ती डोळ्याबरोबरच फिरते आणि डोळ्याबरोबरच थांबते. हे फिल्मवर उमटत नाही. म्हणून फिल्म बघून दोन डॉक्टरांची दोन मतं झाली याचं मला नवल वाटत नाही. सुप्रियाताई, पुन्हा कराल तेव्हा क्लिप मागून घ्या, चालती क्लिप.

आणि दोन्ही डोळ्यांची लांबी मोजून रिपोर्टात लिहायला सांगा. पीएफव्हीचा डोळा बहुतेक वेळा दुसऱ्यापेक्षा लहान असतो. एवढी साधी गोष्ट, पण अनेक रिपोर्टांत तो आकडाच नसतो. याचा मला खरोखर राग येतो.

रात्रपाळी
समजलं सर. धन्यवाद. विभागून जाणारा प्रवाह उद्याच बघतो, वॉर्डात एक पेशंट आहे.

आजीचा_बटवा
सुप्रिया, अगं इतकी घाबरू नकोस. आमच्या वेळी बाळाच्या डोळ्यात अंगावरच्या दुधाचे दोन थेंब आणि घरचं काजळ घालायचो. झाक आपोआप जायची.

रेटिनावाला
आजी, तुमची माया कळते, पण हे करू नका आणि कुणाला सांगूही नका. दूध डोळ्यात घातलं की जंतुसंसर्गाची भीती. काजळात शिसं असू शकतं. आणि ही झाक डोळ्याच्या आतली आहे, वरून घातलेलं काहीही तिथवर पोचत नाही. चिपडांमुळे आलेला पांढरटपणा आपोआप जातो, बाहुलीतला जात नाही. बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर त्याच आठवड्यात डोळ्यांचा डॉक्टर.

कारण ज्याचं नाव अजून या धाग्यावर कुणी घेतलेलं नाही, तो आजार. रेटिनोब्लास्टोमा, पडद्याचा कर्करोग. सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. वेळेत सापडला तर बहुतेक बाळं वाचतात, अनेकांचा डोळाही वाचतो. उशीर झाला तर नसेतून मेंदूकडे जातो. पांढरी बाहुली बघितल्यावर आम्हा सगळ्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच असतो, पडदा की पीएफव्ही हा त्यानंतरचा.

आणि हा कर्करोग पडद्याखाली वाढला तर पडदाही सोडवतो. म्हणून एवढ्या लहान बाळाच्या रिपोर्टात "पडदा सुटला" हे अर्धं वाक्य आहे. कशाने सुटला, त्याच्याखाली काय आहे, हे लिहिल्याशिवाय ते पुरं होत नाही. मोठ्या माणसाचा पडदा चष्म्याचा मोठा नंबर, मार, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अशा कारणांनी सुटतो. तान्ह्या बाळाचा पडदा कारणाशिवाय सुटत नाही.

आजीचा_बटवा
बरं डॉक्टर, नाही सांगणार. माझ्या नणंदेच्या नातवाला आजच फोन करते, त्याची मुलगी लहान आहे.

लहरी_तरंग
मी वैद्यकीय यंत्रं दुरुस्त करतो, डॉक्टर नाही. यंत्राच्या बाजूने दोन गोष्टी.

डोळ्याच्या आतल्या कापाचं चित्र दाखवणारा खास बी-स्कॅन प्रोब १० मेगाहर्ट्झचा असतो. या वारंवारतेला डोळ्यात लहरीची लांबी साधारण ०.१५ मिलिमीटर येते. पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. आता पोटाचा प्रोब ३ ते ५ मेगाहर्ट्झचा, त्याची लहर दुपटीतिपटीने लांब. त्याने डोळा बघितला तर पातळ पडदा आणि पातळ धागा यांतला फरक पुसटच होणार. गावातल्या सेंटरला डोळ्याचं यंत्र नसेल तर निदान थायरॉइड किंवा हातापायांच्या शिरांसाठी वापरतात तो लहान सरळ प्रोब तरी लावायला सांगा. तो बऱ्यापैकी काम देतो.

दुसरं गेन, म्हणजे परत आलेला आवाज यंत्र किती मोठा करून दाखवतं ते. गेन वाढवला की जेलीतला कचराही चकाकतो. अनुभवी माणूस गेन हळूहळू कमी करत जातो. बाकीचं विझत जातं आणि पडदा मात्र शेवटपर्यंत उजळ राहतो. ए-स्कॅनमध्ये, म्हणजे चित्राऐवजी नुसते उंच-बुटके काटे दाखवणाऱ्या प्रकारात, पडद्यावर लहर सरळ आपटली तर काटा जवळजवळ शंभर टक्के उंच जातो.

आणि कृपया डॉपलर लावताना यंत्र डोळ्याच्या सेटिंगवर आहे याची खात्री करा. डोळ्यासाठी मेकॅनिकल इंडेक्सची (ध्वनिलहरींच्या जोराचा आकडा) मर्यादा ०.२३ आहे, पोटासाठी १.९. हे बटण दाबायला दोन सेकंद लागतात.

जाता जाता: डोळ्यावर ध्वनिलहरींचा पहिला प्रयोग १९५६ मध्ये मुंट आणि ह्यूज यांनी केला, तोही डोळ्यातल्या गाठी ओळखण्यासाठीच. दोन वर्षांनी बॉम आणि ग्रीनवुड यांनी बी-स्कॅन आणला. गढूळ भिंगाच्या पलीकडे बघायची सोय त्याआधी नव्हतीच.

सडेतोड
सगळं पटलं, पण एमआरआयचं नाही पटलं. साडेतीन महिन्यांच्या पोराला भूल, हजारो रुपये, शहरात मुक्काम. सीटीत कर्करोगाच्या गाठीतलं कॅल्शियम छान दिसतं हे मीही वाचलंय. गरीब माणसाने काय करायचं? बहिणीच्या यजमानांचं चुकलं कुठे?

निळासावळा
सडेतोड, पैशाचा मुद्दा खरा आहे. पण सीटी नको म्हणण्यामागे कारण ठोस आहे. रेटिनोब्लास्टोमा असलेल्या काही बाळांत आरबी-१ जनुकाचा दोष शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो. अशा बाळाला सीटीतले क्ष-किरण दिले की पुढे आयुष्यात दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. ज्या बाळात हा आजार नाही हे अजून ठरलेलंच नाही, त्याच्यावर किरण टाकायचे कशाला?

आणि सीटीचा जो फायदा तुम्ही लिहिलात तो सोनोग्राफीतही मिळतो. कॅल्शियमचे कण तिथे पांढरेशुभ्र चमकतात आणि त्यांच्या मागे सावली पडते. चांगली सोनोग्राफी झाली तर नुसत्या कॅल्शियमसाठी सीटीची गरज उरत नाही.

रेटिनावाला
सडेतोडांचा अर्धा मुद्दा मी उचलून धरतो. एमआरआय प्रत्येक बाळाला लागतोच असं नाही. सोनोग्राफी नीट झाली, भूल देऊन डोळा तपासला, डोळा लहान आहे, दांडी स्पष्ट आहे, गाठ नाही, तर काही वेळा तिथेच थांबता येतं. शंका उरली, किंवा नस आणि मेंदू बघायचा असेल, तर एमआरआयला पर्याय नाही. पडद्याखाली काय साठलंय तेही त्यात कळतं. कोट्स नावाचा एक आजार आहे, १९०८ मध्ये जॉर्ज कोट्स यांनी वर्णन केलेला, बहुतेक मुलग्यांना आणि एकाच डोळ्यात. त्यात पडद्याखाली चरबीयुक्त द्रव साठतो आणि एमआरआयमध्ये तो वेगळा उजळून दिसतो. तो सहसा इतक्या लहान वयात येत नाही, पण यादीत असतो.

करायचाच असेल तर "डोळ्यांचा एमआरआय" असं चिठ्ठीवर लिहून घ्या. नुसत्या मेंदूच्या एमआरआयमध्ये काप जाड असतात, अख्ख्या डोळ्याचे चारपाच काप मिळतात. डोळ्यासाठी २ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत. पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ नये म्हणून हे आधीच बोलून घ्या.

खर्चासाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. जन्मजात मोतीबिंदू आणि आरओपी दोन्ही त्याच्या यादीत आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (लहान मुलांच्या दोषांवर लवकर उपचार सुरू करणारं केंद्र) जाऊन विचारा, पुढची चिठ्ठी तिथून मिळते. रेटिनोब्लास्टोमाची शंका असेल तर परळचं टाटा रुग्णालय, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, मदुराईचं अरविंद, ही ठिकाणं या कामात मुरलेली आहेत.

चिंतातुर_बाबा
एक अवांतर प्रश्न. हा धागा वाचून मुलीचे मोबाइलमधले सगळे फोटो काढून बघितले. एका फोटोत डावा डोळा पांढरा, बाकी सगळ्यांत लाल. घाबरू का?

रेटिनावाला
मुलगी त्या फोटोत नाकाच्या बाजूला बघत असेल तर फ्लॅशचा उजेड नसेच्या तोंडावरून परततो आणि बाहुली पांढरी दिसते. निरोगी डोळ्यातही हे होतं. पण एकाच फोटोवर भरवसा ठेवून सोडून देऊ नका. एकदा दाखवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पाटलाची_सून
आमच्या घरी काल हाच कार्यक्रम झाला! सगळी पोरं ओळीने फ्लॅशपुढे उभी केली. पोरं सगळी लाल, मांजर मात्र दोन्ही डोळ्यांनी हिरवीगार. सासरे म्हणाले, हिलाही मिरजेला न्यायची का?

लहरी_तरंग
मांजरीच्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, टॅपेटम, म्हणून रात्री तिला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. तिला घरीच राहू द्या, उंदीर खोळंबतील :)

केदार_एडिसन
न्यू जर्सीहून लिहितोय. माझ्या मुलीला एका डोळ्यात मॉर्निंग ग्लोरी नावाचा जन्मजात दोष आहे. डोळ्याच्या नसेचं तोंड मोठं, खोलगट आणि मध्ये पांढरा पुंजका. इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगितल्या. एक, अशा डोळ्यांपैकी साधारण एकतृतीयांशांमध्ये पुढेमागे पडदा सुटतो, म्हणून नियमित तपासणी सोडायची नाही. दोन, मेंदूचा आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय करायचा, कारण या दोषासोबत कधी मोयामोया हा रक्तवाहिन्यांचा आजार असतो, कधी मेंदूचा भाग कवटीच्या तळातून खाली उतरलेला असतो. आम्हाला तेव्हा वाटलं, डोळ्याच्या तक्रारीला मेंदूचा एमआरआय कशाला? आज वाटतं, तो केला म्हणूनच निर्धास्त आहोत. तिच्या बाबतीत मेंदू व्यवस्थित निघाला.

म्हणून धाग्याच्या मथळ्यात एक भर घालावीशी वाटते. "पडदा की जन्मतःचा दोष" असं आपण विचारतोय, पण जन्मतःचा दोष असतो आणि त्यामुळेच नंतर पडदाही सुटतो, असंही होतं.

रेटिनावाला
केदार, शंभर टक्के. कोलोबोमाचंही तेच. गर्भाच्या पाचव्या ते सातव्या आठवड्यात डोळ्याची खालची फट मिटायची असते, ती राहून गेली की मागच्या भिंतीत खड्डा उरतो. सोनोग्राफीत भिंत तिथे मागे गेलेली दिसते. त्या खड्ड्यावरचा पडदा फार पातळ असतो, तिथून तो फाटून सुटू शकतो.

मांडवीकाठ
फोंड्याहून. मला स्वतःला डाव्या डोळ्यात पीएफव्ही आहे, तेव्हा सगळं पीएचपीव्ही म्हणायचे. आता तिशी ओलांडली. लहानपणी शस्त्रक्रिया झाली, भिंग काढलं, मग कॉन्टॅक्ट लेन्स आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. पट्टीचा मला भयंकर राग यायचा. आई पट्टीवर रोज वेगळं चित्र काढायची, कधी मासा, कधी बस. शेजारची मुलं आज काय आहे ते बघायला यायची, म्हणून मी ती लावून बसायचो.

डाव्या डोळ्याने आज मला हाताची हालचाल आणि मोठे आकार दिसतात, वाचता येत नाही. पण बाजूने काही आलं तर कळतं, आणि त्याची किंमत दोन्ही डोळे धड असलेल्याला सांगून कळणार नाही. सुप्रियाताई, बहिणीला सांगा की उजव्या डोळ्याबरोबर डाव्याचीही काळजी घ्या. मुलगा खेळायला लागला की पॉलिकार्बोनेटचा चष्मा कायम, नंबर नसला तरी. एकच चांगला डोळा असणाऱ्याला चेंडू लागून चालत नाही.

सुप्रिया_मिरज
सगळ्यांचे खूप आभार. घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सीटी रद्द झाला आणि सासूबाई स्वतःच म्हणाल्या, आता थांबायचं नाही.

डोळ्याची खास सोनोग्राफी काल झाली. निळासावळा यांनी सांगितलं तसं दूध पाजून नेलं, आईच्या मांडीवरच केली. क्लिप पेन ड्राइव्हवर घेतली. रिपोर्ट असा: उजव्या डोळ्याची लांबी १६.९ मिलिमीटर, डाव्याची १९. नसेपासून भिंगापर्यंत मधोमध एक दांडी, डॉपलरमध्ये तिच्यात एकच प्रवाह, भिंगाकडे जाणारा. गाठ नाही, कॅल्शियम नाही. नसेजवळ मात्र पडदा दांडीबरोबर किंचित वर ओढला गेलाय, तंबूसारखा, असं लिहिलंय. म्हणजे पहिला रिपोर्ट चूक होता की बरोबर?

निळासावळा
दोन मिलिमीटरचा फरक या वयात बराच मोठा आहे. लांबी, दांडी, एकच प्रवाह, कॅल्शियम नाही, पूर्ण दिवसांचं बाळ, दुसरा डोळा चांगला: सगळं पीएफव्हीच्या बाजूने बोलतंय. अशा एकमेकींना दुजोरा देणाऱ्या खुणांवरच आम्ही निदान करतो, एकट्या खुणेवर कधीच नाही. पहिल्या रिपोर्टात मूळ आजार सुटला होता, तरी पडदा ओढला गेलाय ही गोष्ट खरी निघाली. दांडी आकसते तेव्हा नसेभोवतीचा पडदा सोबत खेचते.

रेटिनावाला
सहमत. आता तुमचे डॉक्टर बहुधा भूल देऊन दोन्ही डोळे तपासतील. त्याच भुलेत एमआरआय जमवता येईल का, हे आधी विचारून घ्या. दांडी कापून पडद्यावरचा ताण काढणं आणि गढूळ भिंग काढून उजेडाची वाट मोकळी करणं, हे शस्त्रक्रियेचे दोन हेतू असतात. न केलेल्या काही डोळ्यांत पुढे काचबिंदू होतो, तेही टाळायचं असतं. पडदा नसेपाशीच ओढलेला असल्यामुळे नजर किती येईल याबद्दल मोठी आशा कुणी दाखवली तर सावध राहा. येईल तेवढी नजर पट्टी आणि लेन्सवर अवलंबून असेल, आणि ते काम बहिणीचं आहे, वर्षानुवर्षांचं.

जुई_अंबाजोगाई
भुलेच्या दिवशी आईचं दूध ४ तास आधी बंद, वरचं दूध असेल तर ६ तास. बाळ रडून घर डोक्यावर घेईल, तरी चोरून पाजू नका. सकाळची पहिली वेळ मागून घ्या, तान्ह्यांना बहुतेक ठिकाणी देतात.

सुप्रिया_मिरज
पहिलीच वेळ मिळाली आहे, जुई. शेवटचं एक विचारते. बहिणीला पुढचं मूल झालं तर त्यालाही होईल का?

रेटिनावाला
एका डोळ्याचा पीएफव्ही बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही. दोन्ही डोळ्यांत असता तर मी वेगळं बोललो असतो. मुलग्याच्या दोन्ही डोळ्यांत असं काही दिसलं तर नॉरी या आजाराचा विचार करावा लागतो. त्याचं जनुक एनडीपी, एक्स गुणसूत्रावर असतं, आणि त्या मुलांना पुढे ऐकूही कमी येऊ शकतं. म्हणूनच भुलेत डावा डोळाही कडेपर्यंत बारकाईने बघायला सांगा. तो पूर्ण निरोगी निघाला तर ही चिंता बाजूला ठेवा.

खारवी
डॉक्टर, चुलत भावाच्या मुलीचा जुना रिपोर्ट आज शोधून काढला. त्यात "दोन्ही डोळे, पडदा सुटलेला" असं आहे आणि डोळ्याची लांबी कुठेच नाही. ती अठ्ठाविसाव्या आठवड्यातली. इथे टाकू का?

रेटिनावाला
वेगळा धागा काढा, म्हणजे तिच्याबद्दल नीट बोलता येईल. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक झाकून टाका. आणि जन्माचं वजन, ऑक्सिजन किती दिवस होता, डोळ्यांची पहिली तपासणी कितव्या आठवड्यात झाली, हे घरच्यांना विचारून आधी लिहा.